घराचा भार कोण उचलतं?

मोठेपणी गावाकडे स्वतःचं घर बांधावं, असं तुम्हांलाही वाटतं ना? मग वही घ्या. खोल्या नंतर आखू. आधी सांगा, छत कशावर उभं राहील?

आपल्या छत्रपती संभाजीनगरकडचं जुनं माळवदाचं घर आठवा. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर मातीचा जाड थर. घर मोजायचं ते खणांत. उन्हाळ्यात कसं गारेगार! पण गळू नये म्हणून वरचेवर माती टाकत, नि डोक्यावरचं ओझं वाढत जाई.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या, हजारो माणसं दगावली. पण जिथं छताचा भार भिंतींवर नव्हता, लाकडी खांबांवर होता, तिथं बऱ्याच घरांच्या भिंती पडल्या तरी छत उभंच राहिलं! लाकूड हलतं, थोडं वाकतं, पण दगडमातीसारखं चटकन ढासळत नाही.

तेव्हा नकाशात आधी खांब काढा. सांधे घट्ट हवेत, छत हलकं हवं, भिंतींचे कोपरे एकमेकांत गुंतलेले हवेत. रंग कुठला द्यायचा, ते मग ठरवा!

आणि हो, आज घरी गेल्यावर आजोबांना जरूर विचारा, "आपल्या घराचा भार कोण उचलतं?"