संगणकाला घाम येत नाही

पेडणे तालुक्यात राहणारी माझी मावशी घराच्या पुढच्या खोलीत संगणक ठेवून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे काम करते. बारावीचा निकाल लागल्यापासून जूनअखेरपर्यंतचे दिवस हा तिचा सुगीचा काळ. गेल्या मे महिन्यात नेमक्या याच दिवसांत तिचा संगणक दुपारी दोननंतर आपोआप बंद पडू लागला. अर्ज भरून होत आलेला, मुलीची गुणपत्रिका जोडायची तेवढी राहिलेली, आणि पडदा काळा. सकाळी नऊ वाजता मात्र तेच यंत्र मुकाट चालत असे. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटे पाहून मदरबोर्ड गेल्याचे निदान केले आणि नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. मावशीने पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेले. ज्याला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो ते कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात बसवलेले होते. मागे भिंत, दोन्ही बाजूंना फळ्या आणि वर मावशीने हौसेने शिवलेले कापडी आवरण, तेही संगणक चालू असताना. पाठीमागे हात घातला तर भाकरी उतरवल्यावर तव्याच्या वर लागते तशी झळ लागली. बाजूचे झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली तांबड्या मातीचा, दमटपणाने घट्ट झालेला नमदाच बसलेला दिसला. मदरबोर्डला काहीही झाले नव्हते. त्याला श्वास घेता येत नव्हता, इतकेच.

संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. या बाबतीत इस्त्री आणि संगणक यांत फरक नाही. संगणक तापता तापता आपले काम करतो एवढेच. अर्ज भरणे, पत्रे टंकणे अशा कामाला साधा संगणक पन्नास ते शंभर वॅट घेतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातूनही साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे खोलीत आणखी एक माणूस येऊन बसला असे समजावे. खेळांसाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी जोडलेल्या यंत्राचा आकडा तीनशे-चारशे वॅटपर्यंत सहज जातो. १९८१ साली आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या ‘पर्सनल कॉम्प्युटर’मधल्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरवर ना पंखा होता, ना हीटसिंक म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा. त्याला त्यांची गरजच नव्हती. पुढे वेग वाढत गेला आणि दोन दशकांनंतरच्या पेंटियम ४ च्या काही प्रकारांनी तर एका चिपमागे शंभर वॅटचा टप्पा ओलांडला. तेव्हापासून संगणक थंड ठेवणे हा संगणकशास्त्राइतकाच वाऱ्याचा विषय झाला आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. छताचा पंखा खोली थंड करत नाही, तो आपल्याला थंड करतो. अंगावरचा घाम वाऱ्याने उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो, म्हणून बरे वाटते. संगणकाला घाम येत नाही. पंख्याखाली हवा ३५ अंश असेल, तर संगणकाच्या वाट्याला येते ती ३५ अंशांचीच हवा. उलट पंख्याची मोटर खोलीच्या उष्णतेत स्वतःची थोडी भर घालते. पंख्याचा संगणकाला खरा उपयोग एकच: कोपऱ्यात साचलेली गरम हवा तो ढवळून पसरवतो.

यातून पुढचा नियम निघतो आणि माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे. हवेने थंड होणारा संगणक खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. ठरावीक कामाला तो खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. समजा, स्वच्छ यंत्र हवेपेक्षा ४० अंशांनी वर चालते. म्हणजे जानेवारीत २६ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६६ अंशांवर आणि मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर राहील. दोन्ही आकडे सुरक्षित आहेत. पण धुळीमुळे हाच फरक ६० अंशांचा झाला, तर जानेवारीत काहीच जाणवणार नाही आणि मे महिन्यात यंत्र शंभरीच्या दारात उभे राहील. आपण दोष देतो उकाड्याला. प्रत्यक्षात गुन्हेगार वर्षभर कॅबिनेटमध्ये बसलेला असतो. शिवाय तो ३५ अंशांचा आकडा खोलीचा नव्हे, तर कॅबिनेट जी हवा आत ओढते तिचा. मावशीच्या कप्प्यात यंत्र स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होते. सकाळपासून चालू असलेल्या संगणकाने दुपारपर्यंत त्या कप्प्याची भट्टी केलेली असे.

आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की जीव वाचवण्यासाठी आधी स्वतःचा वेग कमी करतात. दुपारी संकेतस्थळे ‘हळू चालतात’ तेव्हा आपण इंटरनेटच्या नावाने बोटे मोडतो. कधीकधी कारण टेबलाखाली असते. वेग उतरवूनही भागले नाही, किंवा पॉवर सप्लाय तापला, तर यंत्र थेट बंद होते. हे बंद पडणे म्हणजे बिघाड असेलच असे नाही. अनेकदा ती बिघाड टाळण्याची सोयच असते.

म्हणून आधी मोजावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखे मोफत प्रोग्रॅम मिळतात. नेहमीचे काम अर्धा तास करून आकडा टिपावा. मग कॅबिनेटच्या बाजूचे झाकण काढून तेच काम पुन्हा करावे. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला, तर कॅबिनेटमध्ये हवेचा मार्ग तुंबला आहे. दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर दोष प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये, त्याच्या पंख्यात किंवा मधल्या थर्मल पेस्टमध्ये आहे. ही तपासणी कोणीही करू शकतो, आणि ती केली असती तर मावशीकडे नव्या संगणकाची गोष्टच निघाली नसती.

झाकण कायमचे उघडे ठेवून टेबलफॅन लावण्याचा उपाय मात्र मी सुचवणार नाही. आकडा उतरतो हे खरे, पण आपल्याकडच्या लाल धुळीला आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या वाऱ्याला ते खुले आमंत्रण ठरते. कोरड्या प्रदेशातली धूळ फुंकरीने उडते. आपल्याकडची दमट हवेत पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते. जवळ उदबत्ती लागत असेल किंवा स्वयंपाकघराचा फोडणीचा धूर येत असेल, तर तिला गोंदच मिळतो.

सफाई वर्षातून दोनदा पुरते. एक शिमग्यानंतर, उकाडा वाढण्याआधी, आणि दुसरी पावसाळा सरल्यावर. वीज बंद करून वायर काढावी आणि उरलेला प्रवाह निघून जावा म्हणून चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे. कॅबिनेट बाहेर पडवीत नेऊन कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशने धूळ सुटी करावी आणि ब्लोअरने उडवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे आवश्यक आहे. ते सुसाट फिरले तर बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीवर साठणारी स्थितिक वीज नाजूक भागांना घातक ठरू शकते. थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते. नवी लावायची झाल्यास मटारच्या लहान दाण्याएवढी पुरते, जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. हे काम सवय नसलेल्याने जाणकारासमोरच करावे.

हवेला किती वाट लागते याचा अंदाज असावा. दोनशे वॅट उष्णता बाहेर काढताना हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. मोठ्या पिंपांच्या मापात सांगायचे तर पाच पिंपे, दर मिनिटाला. ती समोरून आत येऊन मागून बाहेर पडते, म्हणून पाठ आणि भिंत यांत वीतभर तरी अंतर हवे, आणि मागचा पंखा हवा बाहेरच फेकतो आहे ना, हे कागदाचा कपटा धरून पाहावे. उलटे बसवलेले पंखे मी दोनदा पाहिले आहेत. मे महिन्यापुरता आणखी एक बिनखर्ची उपाय आहे: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरऐवजी नव्व्याण्णव टक्के करावी. बऱ्याच यंत्रांत यामुळे प्रोसेसरची जादा वेगाची धाव थांबते आणि तापमान लक्षणीय उतरते. अर्ज भरणाऱ्याला वेगातला फरक कळतही नाही.

इंदूर किंवा हैदराबादच्या नातेवाइकांचे ऐकून पाण्याचा कूलर आणू नये. तिथली उन्हाळी हवा कोरडी असल्याने पाणी उडते आणि हवा गार होते. गोव्यात हवा आधीच पाण्याने जड झालेली असते, त्यामुळे गारवा जेमतेम आणि दमटपणा दुप्पट. वातानुकूलन यंत्र उत्तम, पण तेही जपून. बाहेर ३३ अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. चालू संगणक स्वतःच गरम असल्याने त्याला हा धोका नसतो. पण २२ अंशांच्या खोलीत बंद राहून गारठलेल्या संगणकावर एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या, तर बाटलीवर येते तसे पाणी आतल्या पट्ट्यांवर येऊ शकते. अशा वेळी तासभर थांबून मगच तो चालू करावा.

उष्णतेची भीती सगळ्याच भागांना सारखी नाही. गुगलने २००७ साली आपल्या हार्ड डिस्कच्या मोठ्या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बिघाडाचा तापमानाशी अपेक्षेइतका संबंध आढळला नाही. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे मात्र तसे नाही. दर दहा अंश वाढीमागे त्यांचे आयुष्य अर्ध्यावर येते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब आहे. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीलाही जवळपास हाच हिशेब लागू पडतो. आणि आपण यूपीएस ठेवतो कुठे? कॅबिनेटच्या अगदी मागे, गरम हवेच्या झोतात. मावशीचा यूपीएस दर दीड वर्षाने बॅटरी मागत असे, त्याचे कारण त्या दिवशी कळले.

कॅबिनेट आता कप्प्याबाहेर, दोन विटांवर ठेवलेल्या फळीवर आहे. त्याच कामाला दुपारी दाखवला जाणारा आकडा ९८ वरून ७२ वर आला. कापडी आवरण मावशीने टाकून दिले नाही. रात्री संगणक बंद करून, जेवणे उरकल्यावर ती ते त्याच्यावर घालते.