डोंगराळ प्रदेशातील विमान-अवतरण : सुरक्षिततेचे अर्थशास्त्र

उड्डाणाच्या एकूण कालावधीत अवतरणाचा वाटा अल्प असतो. अपघातांत मात्र तो मोठा असतो. भूप्रदेश डोंगराळ असल्यास ही जोखीम आणखी वाढते. तिचे स्वरूप समजण्यासाठी ग्लायडरचे उदाहरण उपयुक्त ठरते.

ग्लायडर हे इंजिनाविना उडणारे विमान होय. पुण्यात हडपसर येथे त्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र आहे. अवतरण चुकल्यास पुन्हा वर जाण्याची सोय ग्लायडरला नसते. त्यामुळे उंची हीच त्याची शिल्लक. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूस हवा खाली ओढते, भोवरे निर्माण होतात आणि उतरत्या जमिनीमुळे उंचीचा अंदाज चुकतो. म्हणून वैमानिक थोडी जादा उंची व वेग राखून येतो. जादा उंची पंखांवरील रोधकांच्या साहाय्याने कमी करता येते. कमी पडलेली उंची मात्र मिळवता येत नाही.

इंजिन असलेल्या विमानास दुसरी संधी असते. अवतरण सोडून पुन्हा झेपावण्यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. ही संधी नाकारल्यास काय घडते, हे आपल्याकडील दोन अपघातांनी दाखवले.

डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या धावपट्टीस ‘टेबलटॉप’ म्हणतात. मंगळुरू, कोझिकोडे, लेंगपुई व पाक्योंग ही तिची उदाहरणे. २२ मे २०१० रोजी मंगळुरू येथे दुबईहून आलेले विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले व दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. सहवैमानिकाने गो-अराउंडची सूचना वारंवार दिली होती. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडे येथे असाच अपघात होऊन २१ जण मृत्युमुखी पडले. भर पावसात, पाठीमागून वारा असताना विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले होते. मृतांत वायुदलात दीर्घ सेवा केलेले कॅप्टन दीपक साठे होते.

कोझिकोडे अपघाताच्या २०२१ मधील अहवालाने वैमानिकाकडून कार्यपद्धतीचे पालन न झाल्याचे नमूद केले; पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्या तळावर कॅप्टनची संख्या अपुरी होती व दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण त्याच वैमानिकाकडे होते, याकडेही त्याने लक्ष वेधले. अर्थशास्त्राचा प्रश्न येथेच उद्भवतो. गो-अराउंडचा खर्च, म्हणजे इंधन, विलंब व वेळापत्रकातील अडचण, निश्चित व तत्काळ असतो. टळलेला अपघात मात्र कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. त्यामुळे बचतीचे आकर्षण सुरक्षिततेवर मात करू शकते.

यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला पायाभूत सुविधांचा : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार मोठ्या धावपट्टीच्या टोकापलीकडे किमान ९० मीटर सुरक्षा क्षेत्र आवश्यक असून २४० मीटरची शिफारस आहे. दुसरा व्यवस्थापनाचा : पुरेसे मनुष्यबळ, विश्रांती आणि अवतरण सोडणाऱ्या वैमानिकास जाब न विचारण्याचे धोरण. पहिल्यास मोठी गुंतवणूक लागते. दुसऱ्यास तुलनेने कमी खर्च येतो. परंतु विलंब ही सुरक्षिततेची किंमत आहे, हे कंपनी व प्रवासी या दोघांनीही मान्य करावे लागते.

ग्लायडरचा वैमानिक शिल्लक राखूनच खाली येतो, कारण त्याला पर्याय नसतो. पर्याय असलेल्यांनीही तीच शिस्त पाळावी, अशी व्यवस्था उभारणे हे सार्वजनिक धोरणाचे काम आहे.