“हा आकार असाच का?”

प्रॉडक्ट डिझाईन शिकणारे तुमच्यातले बरेच जण एकच विचारतात. गाईड सांगतात, “फॉर्म एक्स्प्लोर कर.” म्हणजे नेमकं करायचं काय? आणि ज्युरीत कुणी म्हणालं, “हा आकार असाच का?”, तर सांगायचं काय? मार्क जातात ते इथेच.

आधी एक सांगतो. पिंटरेस्ट उघडून चाळीस स्केचेस काढणं म्हणजे एक्स्प्लोर करणं नव्हे. तिथून सुरुवात केली की वर्गातले सगळे ब्लूटूथ स्पीकर एकाच आईची लेकरं वाटतात. हे माझं मत हं, पटलं नाही तर भांडा!

आता जरा जर्मनीत जाऊ. तिथे १९१९ ते १९३३ बाउहाउस नावाची डिझाईन शाळा होती. योझेफ आल्बर्स तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचे. एकदा त्यांनी वर्गात वर्तमानपत्रं वाटली. आत्ता हा कागद आहे त्याहून जास्त काहीतरी यातून करा, जमलं तर अवजारं न वापरता, असं सांगून ते निघून गेले. मुलांनी किल्ले केले, विमानं केली, मुखवटे केले. आल्बर्स परत आले आणि म्हणाले, हे सगळं दुसऱ्या मटेरियलमध्ये जास्त चांगलं झालं असतं. त्यांना आवडलं ते भलतंच. एका मुलाने कागदाला फक्त उभी घडी घातली होती. एरवी लोळणारा कागद त्या घडीमुळे ताठ उभा राहिला होता. बस्स, एवढंच!

इथे आकार मनातून नाही आला, कागदाला काय जमतं यातून आला. तुम्हीही असंच करा. समजा टेबललॅम्प करताय. एकच पुठ्ठा घ्या, एकच क्रिया ठरवा, घडी किंवा काप, आणि वीस छोटी मॉडेल्स करा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळतच नाही. प्रत्येकाचा फोटो काढून खाली एक ओळ लिहा: उजेड कुठे पडला, कुठे वाकलं. फसलेली मॉडेल्स फेकू नका, ज्युरीत तीच बोलतात.

मग “का” याचं उत्तर आपोआप मिळतं. मारियाने ब्रांडने १९२४ मध्ये, बाउहाउसच्या मेटल वर्कशॉपमध्ये शिकत असताना, एक छोटीशी चहादाणी केली. अर्धगोल भांडं, खाली फुलीसारख्या पट्ट्यांचा पाया. दिसायला निव्वळ भूमिती, पण मूठ एबनी लाकडाची, म्हणजे हात भाजत नाही. आत गाळणीही आहे.

अर्थात गोची असतेच. त्याच वर्कशॉपमधल्या विल्हेल्म वागेनफेल्डचा काचेच्या घुमटाचा दिवा १९२४ मध्ये लाइपत्सिगच्या व्यापारी जत्रेत गेला, तर व्यापारी हसले. दिसायला मशीनवरचा स्वस्त माल, पण प्रत्यक्षात हाताने घडवलेला आणि महाग! आकार मशीनची भाषा बोलत होता, बनवण्याची पद्धत मात्र कारागिराची होती. म्हणून तुमच्या विसाव्या मॉडेलशेजारी हेही लिहा: हे शंभर नग करायचे तर कुठे अडेल?

तो दिवा आजही बनतो आणि विकला जातो. जत्रेत हसणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं मात्र मला कुठे सापडली नाहीत.