नाइट : चाकरीपासून किताबापर्यंत
इंग्रजीतील ‘नाइट’ हा शब्द कानी पडताच पोलादी चिलखत, तुऱ्याचे शिरस्त्राण आणि झूल पांघरलेला घोडा मनश्चक्षूंपुढे उभा राहत असला, तरी १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले त्यापूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘पोरगा’ किंवा ‘घरचा चाकर’ असा साधा होता. त्याचा सहोदर जो जर्मन शब्द ‘क्नेख्त’, तो तर आजही गड्याचाच वाचक आहे. फ्रेंचांचा ‘शव्हालिए’ आणि स्पॅनिशांचा ‘काबायेरो’ हे शब्द घोड्यावरून निघाले, जर्मनांचा ‘रिटर’ घोडेस्वारीवरून. इंग्रजांनी मात्र आपल्या मानकऱ्यास सेवकाचे नाव दिले. या शब्दाचा पुढचा सारा इतिहास म्हणजे सेवा आणि प्रतिष्ठा यांच्यातील दीर्घ ओढाताण होय, असे माझे मत आहे.

मध्ययुगीन नाइट म्हणजे नेमका कोण, हे समजून घ्यावयाचे तर मराठी वाचकाने शिलेदार आठवावा. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हा भेद आपल्या दप्तरांतून परिचित आहे. युरोपातील जमीनधारक नाइटही आपला घोडा, आपले चिलखत आणि आपला नोकर घेऊनच धन्याच्या निशाणाखाली हजर होई, आणि या खर्चाची तजवीज म्हणून त्यास जी जमीन तोडून दिलेली असे, तिच्या मोबदल्यात वर्षाकाठी साधारणतः चाळीस दिवसांची फौजी चाकरी त्याच्यावर बंधनकारक असे. सातव्या वर्षाच्या सुमारास एखाद्या सरदाराच्या वाड्यात हुजऱ्या म्हणून राहावे, चौदाव्या वर्षापासून नाइटचा घोडा आणि हत्यारे सांभाळावीत, आणि एकविसाव्या वर्षाच्या आसपास स्वतः ते पद घ्यावे, असा उमेदवारीचा सर्वसाधारण क्रम होता. म्हणजे मान मिळण्याआधी कित्येक वर्षे दुसऱ्याच्या पंगतीत वाढण्याचे आणि दुसऱ्याचे चिलखत घासण्याचे काम करावे लागे.

पुढे राजांना स्वारांपेक्षा रोकड अधिक निकडीची झाली आणि चाकरीऐवजी पैसा भरण्याची मुभा मिळाली. सतराव्या शतकात पहिल्या जेम्सने ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरागत किताब १६११ साली नव्याने काढून तो चक्क विकला. त्याचा पुत्र पहिला चार्ल्स याने, जमिनीचे वार्षिक उत्पन्न चाळीस पौंड असूनही जे नाइटपद घेण्यास हजर झाले नव्हते त्यांच्याकडून दंड वसूल केला, आणि पार्लमेंटला १६४१ साली तो प्रकार कायद्याने बंद करावा लागला. तरीही खोड गेली नाही. विसाव्या शतकात लॉइड जॉर्ज यांच्या पंतप्रधानकीत किताबांचा बाजार इतका बोकाळला की, १९२५ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला.

धर्मयुद्धांच्या काळात शस्त्र आणि संन्यास यांचा विलक्षण संयोग साधणारे नाइटांचे संघ निघाले. त्यांपैकी टेम्पलर संघ पोपने १३१२ साली विसर्जित केल्यावर पोर्तुगालमध्ये त्याची मालमत्ता ‘ख्रिस्त संघा’कडे गेली, आणि त्याच संघाचा तांबडा क्रूस पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर मिरवत हिंदी महासागरात आला. यात्रेकरूंच्या शुश्रूषेसाठी जेरुसलेममध्ये उदय पावलेला हॉस्पिटलर संघ मात्र अजून हयात असून, ‘माल्टा संघ’ या नावाने रोममधून आज तो प्रामुख्याने वैद्यकीय सेवा करतो.

बुद्धिबळाच्या पटावरील इंग्रजांचा नाइट म्हणजे आपला अडीच घरे चालणारा घोडा. त्या सोंगटीवरून स्वार केव्हाच उतरला आहे. व्यापारी जगात, एखादी कंपनी गिळंकृत होण्याच्या बेतात असता तिला मान्य होईल असा दुसरा खरेदीदार पुढे आला, तर त्यास ‘व्हाइट नाइट’ म्हणतात.

आजच्या ब्रिटनमध्ये हे पद देण्याचा विधी मोठा सुटसुटीत आहे. मानकरी एका बैठ्या चौरंगावर उजवा गुडघा टेकतो, आणि राजा किंवा राणी तलवारीचे पाते आडवे धरून प्रथम त्याच्या उजव्या आणि मग डाव्या खांद्यास लावते. दुसऱ्या एलिझाबेथ राणी यासाठी आपल्या वडिलांची तलवार वापरीत. नाटकांतून रूढ झालेले ‘ऊठ, सर अमुक’ हे वाक्य प्रत्यक्षात उच्चारले जात नाही. धर्मोपदेशकांना तलवार लावीत नाहीत, म्हणून ते नावाआधी ‘सर’ लावीत नाहीत. परकीय नागरिकांचे नाइटपद मानद असल्याने त्यांनाही ते उपपद मिळत नाही. स्त्रियांना समकक्ष किताब ‘डेम’ हा असतो. ‘सर’ हे पद जोडावयाचे ते व्यक्तिनामाला, आडनावाला नव्हे : अ‍ॅन राणीने १७०५ साली केंब्रिजमध्ये ज्यांस नाइट केले ते सर आयझॅक होत, सर न्यूटन नव्हेत. मराठीत नावाआधीचा ‘सर’ हा किताब आणि नावामागचा ‘सर’ हा शिक्षक, अशी वाटणी लोकांनी आपसूक करून टाकली आहे.

आपल्याकडे या किताबाचा प्रवेश झाला तो मुंबईत. १८४२ साली जमशेटजी जीजीभाई हे नाइट होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यांची संपत्ती चीनच्या व्यापारातील होती आणि त्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच संपत्तीतून रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली, आणि त्यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांच्या देणगीतून माहीमच्या खाडीवरचा रस्ता १८४५ साली खुला झाला. १८५७ साली जमशेटजींस बॅरोनेट करण्यात आले, आणि १८६० च्या कायद्याने असे ठरले की त्यांच्या किताबाच्या प्रत्येक वारसाने आपले जन्मनाव टाकून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव धारण करावे! वारसांना पाळावी लागलेली ही अट लोकांच्या स्मरणात नसली, तरी ‘जे. जे.ला नेले’ हे शब्द मुंबईतील गोरगरिबांच्या तोंडी अजून रोज आहेत.

पुढे फेरोजशहा मेहता, नारायणराव चंदावरकर, रामकृष्णपंत भांडारकर अशा थोर पुरुषांस ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याखालच्या पायरीवर रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर यांची गर्दी होती. या मंडळींची योग्यता कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, तथापि मला अधिक आदर वाटतो तो गोखल्यांविषयी. इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात सरकारचे अंदाजपत्रक कलमागून कलम तपासणाऱ्या आणि स्वतः काढलेल्या भारत सेवक समाजाच्या नावातच ‘सेवक’ हे पद ठेवणाऱ्या या पुरुषाने १९१४ साली देऊ केलेले नाइटपद नाकारले. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांनी ते स्वीकारले खरे. पण जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, मे १९१९ च्या अखेरीस, आपल्या अवमानित देशबांधवांच्या बरोबरीने कोणत्याही विशेष मानचिन्हावाचून उभे राहण्याची इच्छा व्हाइसरॉयला कळवून त्यांनी आपणास त्यातून मुक्त करण्याची मागणी केली.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अठराव्या अनुच्छेदात लष्करी व विद्याविषयक पदव्यांखेरीज कोणताही किताब देण्यास राज्यसंस्थेला मनाई केली आणि नागरिकांस परकीय राज्याचा किताब घेण्यासही प्रतिबंध केला. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार या मनाईत बसतात काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की हे पुरस्कार किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या आधी किंवा मागे उपपद म्हणून वापरता येणार नाहीत. असे असता सत्कारसमारंभांच्या फलकांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर ‘पद्मश्री’ हा शब्द नावाआधी आजही सर्रास छापलेला दिसतो. संयोजकांनी तो छापू नये आणि सत्कारमूर्तींनी तो छापू देऊ नये. ज्या कार्याबद्दल पुरस्कार मिळाला त्याचा तपशील मात्र त्या पत्रिकेत चांगला चार ओळींनी वाढवावा.