दहा पौंडांची दलदल

जमीन घ्यायची म्हटली की आपण काय बघतो? रस्त्यापासून किती लांब, पाणी आहे का, कागदपत्रं स्वच्छ आहेत ना, आणि पुढेमागे विकली तर दुप्पट येतील का! पण इंग्लंडात १८९९ साली एका संस्थेनं दोन एकर जागा घेतली ती चक्क दलदलीची. तीवर घर बांधायचं नव्हतं, पीकही काढायचं नव्हतं. होती तशी कायम राखायची, एवढ्याचसाठी घेतली. किंमत पडली दहा पौंड.

केंब्रिजजवळच्या या जागेचं नाव विकेन फेन. फेन म्हणजे पाणथळ. एके काळी त्या भागात मैलोगणती अशीच पाणथळ होती. सतराव्या शतकात डच इंजिनियर व्हरमुइडन यानं कालवे काढून पाणी समुद्राकडे काढून दिलं आणि खालची काळीभोर माती शेतीला मिळाली. फायदा झाला, नाही कसं म्हणू? पण ही माती म्हणजे शतकानुशतकं पाण्यात मुरलेला पालापाचोळा. ती वाळली की आकसते आणि जमीन खचते. होम नावाच्या गावापाशी १८५०च्या सुमारास डोक्यापर्यंत पुरलेला एक लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे!

ही जागा घेणारी संस्था म्हणजे नॅशनल ट्रस्ट. तिच्या तीन संस्थापकांपैकी एक बाई होती, ऑक्टेव्हिया हिल. १८३८ साली या पाणथळ मुलखातल्याच विस्बीच गावी जन्मलेली. लंडनमधल्या गरीब भाडेकरूंना बरी घरं मिळावीत म्हणून तिनं आयुष्य घालवलं. चाळीतल्या मुलांना खेळायला मोकळी जागा नाही, हे ती रोज बघत होती. १८७५ साली लंडनमधली अशीच काही कुरणं वाचवायला तिनं वर्गणी गोळा केली, पण शेवटी जागा मिळाली नाही आणि तिथं घरं उठली. नुसत्या विनंत्या-अर्जांनी जागा वाचत नाही, ती नावावरच असावी लागते, हे तेव्हा पटलं असणार. १८९५ साली एक वकील आणि एक पाद्री यांच्यासह तिनं ट्रस्ट काढला. पहिली जागा मिळाली तीही एका बाईकडून. फॅनी टॅलबट हिनं वेल्समधला समुद्रावरचा साडेचार एकर डोंगरउतार देऊन टाकला. पुढे १९०७ साली कायदाच झाला. ट्रस्टनं एखादी जागा 'न विकण्याची' म्हणून जाहीर केली, की पार्लमेंटच्या मंजुरीवाचून ती कुणाला घेता येत नाही. आपल्या देवराया आठवल्या ना? देवाच्या नावची झाडं, कुऱ्हाड लावायची नाही. तिकडे देवाच्या जागी कायदा आला, एवढंच.

पक्ष्यांचीही कथा त्याच सुमाराची. तेव्हा विलायतेत बायकांच्या टोप्यांवर पिसं लावायची टूम होती. बगळ्यांना तुरे येतात ते विणीच्या दिवसांत, म्हणजे मारायचे ते नेमके घरट्यात पिल्लं असताना. पिल्लं मग उपाशी मरत. १८८९ साली एमिली विल्यमसन हिनं मँचेस्टरजवळ आपल्या घरी बायकांची मंडळी जमवली आणि नियम केला, की खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याचं पीस वापरायचं नाही. (शहामृगाला तेवढी सूट!) आपल्या देशातूनही पिसं जात असत. ती निर्यात १९०२ साली बंद झाली. ब्रिटनमध्ये पिसांची आयात रोखणारा कायदा व्हायला १९२१ उजाडलं. नटण्यामुरडण्यावरून बायकांना नावं ठेवणारे पुष्कळ असतात, पण ही टूम मोडायला पुढे आल्या त्या बायकाच.

तर परत आपल्या दलदलीकडे. पिसवांचा अभ्यास करणारे चार्ल्स रॉथशिल्ड यांनी १९०१ साली तिला आणखी जमीन जोडून दिली आणि असे तुकडे जुळत गेले. पण जागा घेतली आणि कुंपण घातलं की झालं, असं मुळीच नाही. घर घेतल्यावर संसार चालवावा लागतो, तसंच आहे हे. पाणथळ तशीच सोडली तर लव्हाळ्यात झुडपं शिरतात, मग झाडं येतात, आणि बघता बघता तिचं रान होऊन जातं. म्हणून लव्हाळं आलटून पालटून कापावं लागतं. विकेनला ही कापणी १४१४ सालापासून चालत आल्याची नोंद आहे! कापलेलं लव्हाळं घरं शाकारायला जायचं. आता चरण्यासाठी कोनिक जातीची घोडीही सोडली आहेत.

पाण्याची तर वेगळीच कटकट. भोवतालची शेतं खचल्यामुळे ही जुनी पाणथळ ताटात उपड्या घातलेल्या वाटीसारखी उंच राहिली. पाणी आत थांबेना! मग बांध घातले, त्यांतून झिरपू नये अशी तजवीज केली. शेतातलं पाणी बाहेर फेकण्यासाठी बांधलेली एक लाकडी पवनचक्की इथं आणून बसवली आणि तिच्याकडून उलटं काम करून घेतलं, पाणी आत घेण्याचं.

एवढं करून सगळंच साधलं असंही नाही. स्वॅलोटेल नावाचं देखणं फुलपाखरू १९५०च्या सुमारास इथून नाहीसं झालं. १९७५ साली पुन्हा आणून सोडलं, तरी टिकलं नाही. पण बिटर्न हा बगळ्याच्या कुळातला लाजराबुजरा पक्षी १९३०च्या दशकानंतर थेट २००९ साली इथं पुन्हा वीण करून गेला. आजवर नऊ हजारांवर जातींचे जीव आणि वनस्पती इथं नोंदल्या गेल्या आहेत.

त्या दोन एकरांचे आता सुमारे दोन हजार एकर झाले आहेत. १९९९ साली ट्रस्टनं शंभर वर्षांची योजना आखली, ती केंब्रिजच्या दिशेनं पाणथळ वाढवत नेण्याची. चांगली पिकती जमीन पुन्हा पाण्याखाली घालता कशाला, असा आक्षेप तिथल्या काही लोकांनी घेतला. तो अगदीच खोटा नाही, अन्न पिकायलाच हवं. पण वाळलेली काळी माती दरवर्षी थोडी थोडी हवेत विरून जाते, तेव्हा नांगरायला तरी ती किती दिवस पुरणार?

विकेनच्या लव्हाळ्यावरून भोवत्या हा शिकारी पक्षी पंख किंचित वर धरून तरंगत असतो. त्याच जातीचे भोवते हिवाळ्यात आपल्याकडेही येतात. नाशिकच्या बाजूला जाणं झालं तर निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर. मुलांनाही उठवून न्या, आणि एखादी दुर्बीण मिळाली तर उसनी का होईना, बरोबर ठेवा.