बारा व्होल्ट कोठे हरवले?

जुन्या मोटारीची किल्ली फिरविली, 'टक्' असा आवाज झाला, पण इंजिन काही फिरले नाही, असा प्रसंग तुम्ही कधी तरी पाहिला असेल. मग कोणी म्हणतो बॅटरी बदला, कोणी म्हणतो स्टार्टर. खरा दोष मात्र पुष्कळदा एखाद्या गंजलेल्या सांध्यात असतो. तो हुडकून काढण्यास ओहमचा नियम पुरेसा आहे. कसा, ते पाहू.

उदाहरणादाखल एम.जी.बी. ही ब्रिटिश मोटार घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. हौशी लोक ती आजही चालवितात. तिची बॅटरी आसनांच्या मागे असते आणि स्टार्टर पुढे, इंजिनापाशी. त्यामुळे एक जाड तार मागून पुढे न्यावी लागते. परतीसाठी वेगळी तार नसते. ते काम गाडीचा पोलादी सांगाडाच करतो. परंतु इंजिन रबरी बैठकांवर बसविलेले असते आणि रबर तर विद्युतरोधक! म्हणून इंजिनाचा भाग व सांगाडा यांना धातूच्या एका जाड पट्ट्याने जोडतात. हा पट्टा तुटला, तर स्टार्टरची प्रचंड धारा चोकच्या बारीक केबलीतून परतू पाहते आणि केबल चांगलीच तापते!

पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. त्यातील विद्युतचुंबक एक पडदा ओढतो. पडदा पुरेसा ओढला गेला की संपर्कबिंदू उघडतात, धारा थांबते आणि स्प्रिंग पडद्याला मागे ढकलून पेट्रोल पुढे पाठविते. लगेच संपर्क पुन्हा जुळतो. किल्ली पहिल्या खाचेत फिरविताच गाडीच्या मागून 'टक्-टक्-टक्' ऐकू येते, ते यामुळेच. कार्ब्युरेटर भरला की आवाज थांबतो. मुळीच आवाज नसेल, तर पंपाला वीज मिळत नाही किंवा संपर्कबिंदू खराब झाले आहेत. आवाज थांबतच नसेल, तर टाकी रिकामी असेल किंवा नळीत कोठे तरी हवा शिरत असेल.

आता मुख्य मुद्दा. समजा, एका सांध्यात गंजामुळे ०.०३ ओहम रोध निर्माण झाला. पंपाची धारा २ अँपिअर धरली, तर तेथे २ × ०.०३ = ०.०६ व्होल्ट खर्च होतील. पंपाला त्याचा पत्ताही लागणार नाही. स्टार्टरला मात्र सुमारे १५० अँपिअर लागतात. तेवढी धारा वाहण्यासाठी याच सांध्यात १५० × ०.०३ = ४.५ व्होल्ट द्यावे लागतील. एवढा दाब गमावणे परवडत नाही. म्हणून धाराच घटते आणि स्टार्टर कण्हू लागतो. सांधा तोच, पण एकाला क्षुल्लक आणि दुसऱ्याला घातक!

मग व्होल्टमीटर लावला की दोष सापडेल? थांबा. किल्ली न फिरविता तारेच्या टोकाशी मोजले, तर मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवील. मीटरचा स्वतःचा रोध फार मोठा असतो, त्यामुळे धारा नाममात्रच वाहते. धारा नाही, तर सांध्यावर दाबही खर्च होत नाही. म्हणून मोजमाप करावयाचे ते धारा वाहत असतानाच.

त्याची रीत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची तार काढून ठेवावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या सजीव खुंटीवर व दुसरे स्टार्टरच्या खुंटीवर धरावे. सोबत्याने किल्ली फिरविताच मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दाखविले, तर ही वाट ठीक आहे. नंतर बॅटरीची सांगाड्याकडील खुंटी व स्टार्टरचे अंग यांमध्ये असेच मोजावे. ज्या बाजूस वाचन जास्त, त्या बाजूचे सांधे एकेक करून तपासावेत. दोषी सांधा सापडला की बॅटरीची तार सोडून तो खरवडून लख्ख करावा, घट्ट आवळावा व वर व्हॅसलीन लावावे. पंपाचीही परीक्षा अशीच करता येते. मात्र पेट्रोलजवळ ठिणगी पडता कामा नये. हे सर्व जाणकार मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे.

मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेल्या आपल्या अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण रस्त्यावर राहिलेल्या अँबॅसडरलाही हीच परीक्षा लागू पडते. घरी करावयाची असेल, तर टॉर्चचा जुना सेल घ्या. त्याचा दाब आधी नुसता मोजा, मग बल्ब जोडून मोजा. दोन वाचनांतील फरक बरेच काही सांगून जाईल.

शेवटी एक कोडे. किल्ली फिरविली असता बॅटरीच्या खुंट्यांवर १०.८ व्होल्ट आणि प्रत्यक्ष स्टार्टरवर ७.३ व्होल्ट मिळाले. सांगाड्याच्या वाटेवर ०.३ व्होल्ट खर्च झाले. दोष कोणत्या बाजूला आहे आणि तेथे किती व्होल्ट हरवले, सांगा पाहू!