आखूड धावपट्टीवरचं जड विमान

घाटकोपरच्या डोंगरवस्तीत आमच्या गटाची बैठक भरते, तेव्हा दर थोड्या वेळानं बोलणं थांबवावं लागतं. डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारं विमान जातं. परवा हप्त्यांचा हिशोब चालू असताना एका ताईंनी विचारलं, "याला एवढी लांब धावपट्टी लागते, मग डोंगरात लष्कराची विमानं उतरतात कुठे?"

प्रश्न कुणी हसण्यावारी नेला नाही. याच ताईंचे सासू-सासरे २०१३च्या जूनमध्ये केदारनाथच्या प्रलयात अडकले होते. तेव्हा उत्तराखंडात धरासूच्या छोट्याशा धावपट्टीवर हवाई दलाचं सी-१३०जे हे मालवाहू विमान उतरलं होतं. त्यानं हेलिकॉप्टरांसाठी इंधन आणलं, आणि माणसं काढायच्या फेऱ्यांना आधार मिळाला. म्हणून हे आखूड जागेतलं उडणं-उतरणं कसं जमतं, ते आज सांगतो.

लहानपणी धावत्या एसटीच्या खिडकीतून आपण हात बाहेर काढायचो. (आता मुलांना काढू देऊ नका.) तळवा जरा तिरका धरला की हात आपोआप वर उचलला जायचा. विमानाच्या पंखाचंही तसंच. पंख वाऱ्याला खाली वळवतो, त्या बदल्यात वारा पंखाला वर उचलतो. वारा जोराचा हवा, म्हणून जड विमानाला आधी खूप पळावं लागतं. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे ती त्यासाठीच.

पळायला जागाच नसेल तर? पंखाच्या मागच्या कडेला हलत्या झडपा असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. त्या खाली वाकवल्या की वारा जास्त वळतो आणि कमी वेगातही विमान उचललं जातं. प्रोपेलरच्या विमानाला तर पुढे फिरणाऱ्या पात्यांचा वारा पंखावर आयताच मिळतो. नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर ११ ऑक्टोबर २०२४ला चाचणी म्हणून हवाई दलाचं सी-२९५ उतरवलं, ते असंच प्रोपेलरचं. धावपट्टी ३,७०० मीटर, आणि याला एक किलोमीटरही लागत नाही. भूक थोडी आणि ताट परातीएवढं!

जेट विमानाला मात्र हे अवघड. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलानं दोन कंपन्यांना सांगितलं, की सुमारे ६०० मीटरच्या धावपट्टीवरून बारा टन माल नेणारं जेट विमान करून दाखवा. मॅकडोनेल डग्लसचं वायसी-१५ ऑगस्ट १९७५मध्ये उडालं, बोईंगचं वायसी-१४ ऑगस्ट १९७६मध्ये. प्रत्येकी दोनच विमानं बांधली, नुसती प्रयोगासाठी.

वायसी-१५ची चार इंजिनं पंखाखाली होती. त्यांचा झोत सरळ वाकवलेल्या फ्लॅपवर सोडला, की तो खाली वळायचा आणि विमानाला वर रेटायचा. वायसी-१४ची युक्ती आम्हाला जास्त आवडली, कारण ती आपल्या ओट्यावरची आहे. पातेल्यातून चहा हळू ओतला तर तो कपात न पडता पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटून ओघळतो ना? हवाही अशीच चिकटते. वायसी-१४ची दोन इंजिनं पंखाच्या वर, पुढच्या बाजूला होती. झोत पंखाच्या पाठीवरून जायचा, मागच्या वळणाला चिकटून खाली उतरायचा. आपला ओटा खराब करणारी गोष्ट तिथे विमान उचलत होती.

दोन्ही प्रयोग जमले, तरी १९७९मध्ये योजनाच बंद झाली. हवाई दलाला आता जास्त लांब जाणारं, जास्त माल उचलणारं विमान हवं होतं. चार विमानांवरचा खर्च पाण्यात गेला असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण वायसी-१५ची फ्लॅपवर झोत सोडायची पद्धत पुढे सी-१७ या अवाढव्य विमानात घेतली. ते १९९१मध्ये उडालं. २०१३पासून ते आपल्या हवाई दलातही आलं, आज अशी ११ आहेत. २०१५च्या भूकंपात नेपाळला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानला आपली बचाव पथकं घेऊन गेलेल्या विमानांत सी-१७ होतं.

आता आमच्या बैठकीत विमान आलं की सगळ्या मान वर करून पंखाची मागची कड बघतात. उतरणाऱ्या विमानाची ती कड खाली वाकलेली स्पष्ट दिसते. ताईंना ती पहिल्याच दिवशी दिसली. हिशोबात मात्र त्या दिवशी दहा रुपयांची चूक निघाली.